पहारा आणि झोपमोड



कोणत्याही जुन्या ग्रंथालयाचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यात दोन प्रकारची माणसे आढळतात : ग्रंथ मिळवणारी आणि मिळालेले ग्रंथ राखणारी. पहिल्यांची नावे देणगीदारांच्या संगमरवरी फलकावर कोरली जातात. दुसऱ्यांची नावे जुन्या हजेरीपटाखेरीज बहुधा कोठेच सापडत नाहीत. पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल धरते, कोणत्या कपाटाच्या तळाशी वाळवी पहिल्यांदा दिसते, कोणती पोथी उलगडली असता पानाचा तुकडा पडेल, हे ज्ञान या दुसऱ्या माणसांपाशी असते. आजचे व्याख्यान त्यांच्याच कामाविषयी आहे. मात्र त्यातले कपाट सागवानी नाही; ते संगणकाचे आहे, आणि त्यातील ग्रंथ हार्ड डिस्कवर ठेवलेले आहेत.

जुनी नियतकालिके, दुर्मीळ पुस्तके, हस्तलिखिते, संस्थेची इतिवृत्ते यांच्या पानापानांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकात साठवण्याचे काम गेल्या काही दशकांत अनेक ग्रंथालयांनी हाती घेतले. महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांच्या दृष्टीने या कामाला विशेष महत्त्व आहे. त्यांच्या गावी निघालेले एखादे अल्पजीवी मासिक किंवा स्थानिक मंडळाची एखादी स्मरणिका अन्यत्र मिळण्याची शक्यता फार थोडी असते. मूळ कागदाचा चुरा झाला, म्हणजे साठवलेली प्रत हीच मूळ प्रत होऊन बसते. तेव्हा ती ज्या यंत्रात आहे, त्या यंत्राची प्रकृती हा विषय केवळ तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होण्याजोगा राहत नाही.

या यंत्राच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यासाठी देखरेखीच्या आज्ञावली उपलब्ध आहेत. त्या डिस्कचे तापमान पाहतात, तिच्यावरील चुकांची संख्या मोजतात, काही बिघाड दिसल्यास सूचना देतात. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या कामात एक विसंगती वारंवार आढळते. काम नसल्यामुळे विश्रांती घेत असलेल्या डिस्कला 'तुझी प्रकृती बरी आहे ना?' असे विचारण्यासाठी त्या उठवतात. डिस्क पुन्हा झोपते. थोड्या वेळाने त्या पुन्हा विचारतात. जिचे रक्षण करावयाचे, तिची झीज रक्षणाच्याच निमित्ताने होत राहते.

जुन्या गावगाड्यात रात्रीच्या पहाऱ्याचे काम जागल्याकडे असे. त्याने गावातून फिरावे, चाहूल घ्यावी, दारे लागलेली आहेत ना हे बाहेरूनच पाहावे आणि पुढे जावे. हाच जागल्या दर घटकेला प्रत्येक दाराची कडी वाजवून 'घरात सगळे नीट झोपले आहेत ना?' असे विचारू लागला, तर त्या गावात चोरी कदाचित होणार नाही. पण कोणाला झोपही मिळणार नाही. देखरेखीच्या आज्ञावलीचा दोष नेमका या स्वरूपाचा आहे. तो समजून घेण्यासाठी आधी डिस्कची झोप म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेतील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या अभियंत्यांनी रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली हे यंत्र सिद्ध केले. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका उभ्या दांड्यावर बसवलेल्या, त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत, आणि सगळे मिळून ५० लाख अक्षरे साठवली जात. एखादे मोठे कपाट असावे असा त्याचा आकार आणि टनावारी वजन होते. आजची डिस्क तळहातावर मावते आणि तिची साठवणक्षमता त्याच्या लाखो पटींनी अधिक आहे. तथापि मूळ रचना तीच राहिली : फिरणारी चकती, आणि तिच्या पृष्ठभागावर तरंगत वाचन-लेखन करणारे हेड. आजच्या डिस्कमध्ये चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ती फिरत असताना तिच्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या वायूच्या पातळ थरावर हेड तरंगते, आणि हे अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते.

काही मिनिटे कोणी काहीच मागितले नाही, तर डिस्कची मोटर थांबवण्याची सोय असते. हेड बाजूला नेऊन ठेवले जाते आणि चकती फिरावयाची थांबते. या अवस्थेला स्टँडबाय म्हणतात. सोयीसाठी तिला झोप म्हणू. झोपेचे लाभ उघड आहेत. फिरत असताना मोठ्या डिस्कला ढोबळमानाने ४ ते ८ वॅट वीज लागते, झोपेत बहुधा १ वॅटही लागत नाही. डिस्कमागे ५ वॅट वाचले, असे धरले, तर वर्षभरात ४० युनिटांहून अधिक बचत होते. शिवाय उष्णता कमी, आवाज कमी. वर्षातून चार वेळा ज्या संग्रहाला हात लागतो, त्याची डिस्क अहोरात्र फिरत ठेवण्याचे कारण नाही. २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे डेनिस कोलारेली आणि डर्क ग्रुनवाल्ड यांनी याच विचारातून शेकडो डिस्कांपैकी बहुसंख्य डिस्का झोपलेल्या ठेवणारी साठवणपद्धती सुचवली होती. ग्रंथालयाला ही कल्पना नवीन वाटू नये. कपाटातील बहुतेक पुस्तके बहुतेक वेळ मिटलेलीच असतात.

मात्र उठण्याला किंमत पडते. थांबलेल्या चकतीला पूर्ण वेगावर आणताना काही सेकंद जातात, आणि तेवढ्या काळात मोटरला एरवीच्या कितीतरी पट वीज लागते. मोठ्या डिस्कांमध्ये १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅटच्या आसपास प्रवाह खेचला जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट झिजेची आहे. १९७३ साली आयबीएमने आणलेल्या आणि विंचेस्टर या नावाने प्रसिद्ध झालेल्या रचनेत चकती थांबली की हेड तिच्यावरच टेकत असे आणि चकती सुरू झाली की घासत घासत वर उचलले जाई. पुढे हेड चकतीबाहेरच्या उतरणीवर ठेवण्याची युक्ती रूढ झाली आणि घासणे टळले. तरीही प्रत्येक चढउतार हा यांत्रिक श्रमच होय. म्हणून निर्माते डिस्कच्या माहितीपत्रकात अशा चढउतारांचा एक आकडा देतात. जुन्या पद्धतीच्या डिस्कांना ५०,००० वेळा सुरू-बंद होण्याची मर्यादा दिलेली आढळते, तर उतरणीवाल्यांना ३ लाख किंवा ६ लाख चढउतारांची. हा आकडा गाठला की डिस्क त्याच दिवशी मरते, असे मुळीच नाही. परंतु निर्मात्याने ज्या आयुष्याचा हिशोब धरला, तो तेथे संपतो.

आता पहारेकऱ्याकडे वळू. डिस्क बिघडण्याआधी तिनेच काही सूचना द्यावी, ही कल्पना १९९२ च्या सुमारास आयबीएमने मोठ्या संगणकांच्या डिस्कांसाठी प्रत्यक्षात आणली. १९९५ मध्ये कॉम्पॅक कंपनीने काही डिस्कनिर्मात्यांच्या साहाय्याने तशीच योजना लहान संगणकांसाठी मांडली, आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणकात तिला 'स्मार्ट' या आद्याक्षरी नावाने स्थान मिळाले. तेव्हापासून प्रत्येक डिस्क स्वतःची एक प्रकृतिवही ठेवते. एकूण किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, चकतीचे किती तुकडे निकामी म्हणून बदलावे लागले, तापमान किती, अशा नोंदी तीत असतात. ही वही वाचण्यासाठी गुरुत्वीय लहरींच्या संशोधनातील भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस ॲलन यांनी २००२ साली 'स्मार्टमॉनटूल्स' नावाची आज्ञावली तयार केली. पुष्कळ संगणकांतील माहितीचे विश्लेषण एकदम करावयाचे, म्हणून त्यांना तिची गरज भासली होती. ती मुक्तपणे उपलब्ध आहे आणि आजही जगभर वापरली जाते. तिच्यातील 'स्मार्टडी' हा भाग पडद्यामागे राहून डिस्कांना ठरावीक काळाने प्रकृती विचारत असतो. मूळ मांडणीत हा काळ १,८०० सेकंदांचा, म्हणजे अर्ध्या तासाचा आहे.

पेच येथे सुरू होतो. पुष्कळ डिस्कांमध्ये ही प्रकृतिवही चकतीच्याच राखीव भागात लिहिलेली असते. वही उघडावयाची तर चकती फिरली पाहिजे; चकती फिरावयाची तर डिस्क उठली पाहिजे. डिस्क १० मिनिटांनी झोपावी असे ठरवले आहे आणि पहारेकरी दर ३० मिनिटांनी येतो, असे समजू. मग डिस्क २० मिनिटे झोपेल आणि उठेल, पुन्हा १० मिनिटांनी झोपेल आणि पुन्हा उठेल. दिवसातून ४८ वेळा, वर्षातून १७,५२० वेळा. ज्या डिस्कला ५०,००० वेळांची मर्यादा दिली आहे, तिचा हिशोब तीन वर्षे पूर्ण होण्याआधीच संपला. हीच डिस्क दिवसातून दोनदा उठली असती, तर तोच आकडा ६८ वर्षे पुरला असता. या तीन वर्षांत एकाही वाचकाने एकही पान मागितलेले नसेल, तरी हिशोबात फरक पडत नाही.

डिस्कला जागवणारे इतरही पुष्कळ असतात. दर मिनिटाला तापमानाचा आलेख काढणारी आज्ञावली असते. रात्री सगळे संगणक चाळून शोधसूची तयार करणारी असते. विषाणू शोधणारी असते. यांतील प्रत्येकीचा हेतू चांगला असतो आणि प्रत्येकीला वाटते, की आपण एकदाच विचारतो. सगळ्यांचे 'एकदाच' मिळून डिस्कला क्षणभर विसावा मिळत नाही. अर्थात, डिस्कची घाईदेखील कधी कधी याला कारण होते. वेस्टर्न डिजिटलच्या 'ग्रीन' नावाच्या डिस्कांमध्ये केवळ ८ सेकंद काम नसले की हेड उतरणीवर जाऊन बसत असे. मोटर फिरतच राही, पण हेडाचा चढउतार मोजला जाई. कार्यप्रणालीने मिनिटातून एकदा जरी काही लिहिले, तरी दिवसाचे १,४४० चढउतार. म्हणजे ३ लाखांचा आकडा सात महिन्यांत पुरा. तेव्हा झोप फार सावध असणे हेही हिताचे नसते.

याहून बारीक आणि काहीशा गमतीच्या गुंतागुंतीही या क्षेत्रात आढळतात. लिनक्स आणि तत्सम कार्यप्रणालींत प्रत्येक फाइलीबरोबर ती शेवटची केव्हा वाचली गेली, याची नोंद ठेवण्याची प्रथा होती. परिणामी नुसते वाचन केले तरी डिस्कवर लेखन होई. ग्रंथपालाने कपाटातील पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे पाहिले, तरी त्याची नोंद पुस्तकातच करावी, तसा हा प्रकार होता. पुढे त्यावर तोडगा निघाला : आधीची नोंद एक दिवसाहून जुनी असेल किंवा त्यानंतर फाइलीत बदल झाला असेल, तरच नवी नोंद करावी. २००९ पासून लिनक्समध्ये ही पद्धत मूळचीच झाली.

दुसरे उदाहरण त्याहून मार्मिक आहे. डिस्कला नेमके कोण उठवते, हे शोधण्यासाठी लिनक्समध्ये एके काळी एक सोय होती. डिस्कवर कोणी काही लिहिले किंवा वाचले, की त्याचे नाव नोंदवले जाई. परंतु ही नोंद घेणारी आज्ञावली स्वतःच ती नोंद डिस्कवर लिहिणार; त्या लेखनाचीही नोंद होणार; तीही लिहिली जाणार. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी नोंद लिहिणारी आज्ञावली बंद करा, असे मार्गदर्शन सोबत दिलेले असे. चोराच्या मागावर निघालेल्या शिपायाने वाटेत आपल्याच पावलांचे ठसे मोजत बसावे, तशी ही अवस्था होती.

तिसरे उदाहरण २०२० साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या, डिस्कचे तापमान दाखवणाऱ्या भागाचे आहे. त्याच्याबरोबरच्या माहितीत एक प्रांजळ इशारा दिलेला आहे. वेस्टर्न डिजिटलच्या १२ टेराबाइट क्षमतेच्या एका विशिष्ट डिस्कच्या बाबतीत असे दिसले, की ती एकदा झोपली म्हणजे तापमान विचारल्याने उठत नाही. पण जागी असताना तापमान विचारले, की तिची झोपेची वेळमोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. झोपेच्या ठरलेल्या वेळेपेक्षा कमी अंतराने कोणी तापमान विचारत राहिले, तर ती कधीच झोपणार नाही. हा पहारेकरी झोपलेल्याला उठवत नाही, हे खरे. तो डोळा लागूच देत नाही.

या सगळ्यावर उपाय कोणता? पहारा काढून टाकणे हा उपाय मनात येणे साहजिक आहे, पण तो धोक्याचा आहे. मराठीत एखादी गोष्ट बासनात गुंडाळून ठेवणे याचा अर्थ ती विसरून जाणे असा होतो, आणि हा वाक्प्रचार ज्या पोथ्यांवरून आला, त्यांतील कित्येकींचे पुढे काय झाले हे ग्रंथालयांना चांगले ठाऊक आहे. बासन म्हणजे संरक्षण खरे. पण ते वर्षानुवर्षे सोडलेच नाही, तर आत कसर लागल्याचे कळत नाही. उलट, पोथीला कसर लागली की काय हे पाहण्यासाठी रोज बासन सोडले आणि पाने उलटली, तर कसरीचे काम पाहणाऱ्याचे हातच पुरे करतात. यांतील मध्यममार्ग जुन्या ग्रंथपालांना अनुभवाने साधला होता. संगणकाच्या बाबतीत तो तीन नियमांत सांगता येईल.

पहिला नियम असा, की जे वहीत पाहून कळते, त्यासाठी कपाट उघडू नये. एखादे पुस्तक वाचकाकडे गेले आहे की जागेवर आहे, हे देवघेवीच्या नोंदवहीवरून कळते. त्यासाठी कपाट उपसण्याची गरज नसते. कार्यप्रणालीच्या गाभ्यातही प्रत्येक डिस्कवर किती वाचन-लेखन झाले, याची मोजदाद संगणकाच्या स्मृतीत चालू असते. ती पाहताना डिस्कला स्पर्शही होत नाही. काही आज्ञावली याच मोजदादीवरून डिस्कला काम आहे की नाही हे ठरवतात आणि ठरलेला वेळ आकडा हलला नाही, तर तिला झोपवतात. पाहण्याची ही सर्वांत सभ्य रीत होय.

दुसरा नियम : विचारावयाचेच झाले, तर आधी जो प्रश्न झोप मोडत नाही तो विचारावा. डिस्कांच्या प्रमाणकात 'तू जागी आहेस की स्टँडबायमध्ये आहेस?' एवढेच विचारणारी एक स्वतंत्र आज्ञा आहे. तिचे उत्तर डिस्कच्या अंगचे इलेक्ट्रॉनिक मंडल देते. चकती फिरावी लागत नाही. स्मार्टडीला असे सांगून ठेवता येते, की आधी हा प्रश्न विचार आणि डिस्क झोपली असेल तर परत फिर. मात्र हे सांगून ठेवावे लागते. काहीच सांगितले नाही, तर तो झोपेची पर्वा न करता प्रकृती विचारतो. येथेही करणाऱ्यांनी बारकाईने विचार केला आहे. 'डिस्क झोपली होती, म्हणून तपासणी केली नाही' अशी नोंद स्मार्टडी आपल्या लॉगमध्ये करतो, आणि तो लॉग त्याच डिस्कवर असेल, तर ती नोंद लिहिण्यासाठीच डिस्क उठावयाची. म्हणून ही नोंद गाळण्याची वेगळी सोय त्यांनी ठेवली. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कांमध्ये संगणक आणि डिस्क यांच्या दरम्यान एक दुभाषी मंडल असते, आणि प्रत्येक दुभाषी हा प्रश्न जसाच्या तसा पोचवील, याची खात्री नसते. अशा डिस्कच्या बाबतीत प्रत्यक्ष कान देऊन, हात लावून एकदा अनुभव घेणे चांगले.

तिसरा नियम पहिल्या दोहोंना तोलून धरणारा आहे : झोपू द्यावे, पण कायमचे नाही. स्मार्टडीला आणखी एक सूचना देता येते. लागोपाठ इतक्या वेळा डिस्क झोपलेली आढळली, तर त्यापुढच्या वेळी मात्र उठवूनच पाहा. हा 'इतक्या वेळा'चा आकडा पहारेकरी ठरवत नाही. तो मालकाने ठरवावयाचा असतो. एखाद्या संग्रहाला आठवड्यातून एकदा उठवणे पुरेसे वाटेल, एखाद्याला रोज. उठवलेच, तर त्या एका जागेपणी सगळी कामे उरकून घ्यावीत. प्रकृती विचारावी, नव्या फाइली ठेवाव्यात, दुसरी प्रत अद्ययावत करावी. वेगवेगळ्या आज्ञावलींनी वेगवेगळ्या वेळी दार ठोठावण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच वेळी यावे, हे कोणत्याही घरातल्या झोपलेल्या माणसाला पटेल.

या नियमांच्या जोडीला एक निवडही करावी लागते. जी डिस्क दिवसभर वाचकांच्या उपयोगात आहे, तिला झोपवण्याच्या भानगडीत पडू नये. सतत फिरत राहण्यासाठीच बनवलेल्या डिस्का मिळतात आणि त्या एकसारख्या फिरण्याने फारशा थकत नाहीत. क्वचित लागणाऱ्या संग्रहाची डिस्क खऱ्या अर्थाने झोपू द्यावी. सर्वांत वाईट अवस्था या दोहोंच्या मधली, दर अर्ध्या तासाला उठण्याची. तीत विजेची बचत थोडी आणि झीज फार. ज्यांत फिरणारी चकतीच नाही, अशा नव्या पद्धतीच्या साठवणीत हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. परंतु मोठे संग्रह स्वस्तात ठेवण्यासाठी फिरत्या चकत्यांचा वापर आजही होतो, आणि ग्रंथालयांचे संग्रह मोठे व अंदाजपत्रके लहान असतात.

येथपर्यंतचे विवेचन पहाऱ्याच्या अतिरेकाविषयी झाले. आता पहाऱ्याच्या मर्यादेविषयी सांगणे भाग आहे, कारण संस्थांचे खरे नुकसान बहुधा तेथे होते. २००७ साली गूगलच्या एदुआर्दो पिन्हेइरो, वोल्फ-डिट्रिख वेबर आणि लुइझ आंद्रे बारोसो या तिघांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या अनुभवावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकृतिवहीतील काही नोंदींचा आणि पुढच्या बिघाडाचा निकट संबंध त्यांना आढळला. चकतीच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता, तशी चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. पहारा उपयोगाचा आहे, याचा हा पुरावा होय. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले, की बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही लक्षण आधी दाखवलेले नव्हते. अर्ध्याहून अधिक मृत्यू अकस्मात झाले होते. डिस्कने 'मी ठीक आहे' असे रोज सांगितले, म्हणून ती उद्याही असेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

ही गोष्ट एकदा ध्यानात आली, म्हणजे अर्ध्या तासाने प्रकृती विचारण्याचा आग्रह आपोआप सैल होतो. पहारा वाढवून जी सुरक्षितता मिळत नाही, ती दुसऱ्या प्रतीने मिळते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'लॉक्स' या प्रकल्पाचे नावच 'पुष्कळ प्रती असल्या म्हणजे वस्तू सुरक्षित राहते' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलेले आहे. त्यात वेगवेगळ्या ग्रंथालयांतील संगणक एकाच मजकुराच्या आपापल्या प्रती अधूनमधून परस्परांशी ताडून पाहतात आणि एखादी बिघडलेली आढळली, तर इतरांच्या आधाराने ती दुरुस्त करतात. ही ताडणी मुद्दामच सावकाश होते. आपल्याकडील पोथ्यांची परंपरा याहून निराळी नव्हती. अनेक मठांत, अनेक घरांत नकला होत राहिल्या, म्हणून एका ठिकाणची आग किंवा एका ठिकाणची वाळवी सगळे ग्रंथ नष्ट करू शकली नाही. एखाद्या पोथीचा पाठ शुद्ध आहे की नाही, हेही दुसरी पोथी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नसे.

तेव्हा शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने आपल्या नव्या कपाटासंबंधी चार गोष्टी लेखी ठरवून ठेवाव्यात. कोणती डिस्क सदैव चालू राहील आणि कोणती झोपेल, ही पहिली. झोपणाऱ्या डिस्कला केव्हा, किती दिवसांनी आणि कोणत्या कामासाठी उठवावयाचे, ही दुसरी. उठवल्यावर तिची केवळ प्रकृती न विचारता तिच्यावरील मजकूर प्रत्यक्ष वाचून दुसऱ्या प्रतीशी केव्हा ताडावयाचा, ही तिसरी. आणि ती दुसरी प्रत कोणत्या गावी, कोणाच्या छपराखाली राहील, ही चौथी. शेजारच्या शहरातील मराठी ग्रंथालयाशी परस्परांच्या प्रती राखण्याचा करार झाला, तर त्याला विशेष खर्चही येणार नाही. या चार गोष्टी एखाद्या जाणत्या तरुणाच्या डोक्यात राहिल्या आणि तो नोकरीनिमित्त परगावी गेला, तर त्या गेल्यातच जमा धराव्यात. म्हणून त्या नोंदवहीत असाव्यात, दर वर्षाच्या सर्वसाधारण सभेत वाचल्या जाव्यात, आणि ज्याच्याकडे त्या सोपवल्या आहेत, त्याचे नाव इतिवृत्तात यावे.

ग्रंथालयाच्या पहिल्या शतकात राखणाऱ्यांची नावे लिहिण्याचे राहून गेले. दुसऱ्या शतकात ती चूक टाळता येईल. या संस्थेच्या संग्रहाला जागरूक पण समंजस पहारेकरी लाभोत, आणि रात्री निवांत झोपलेला तिचा ग्रंथसंग्रह वाचकाने सकाळी हाक मारताच उठून उभा राहो, अशी सदिच्छा व्यक्त करून हे विवेचन येथे संपते.